करवतीची मुदत

भगवतीची करवत आमच्या प्रयोगशाळेत आली ती जुन्या सतरंजीत गुंडाळून, हळदकुंकू लावून आणि वर झेंडूची माळ घालून. मी देवस्थानच्या अध्यक्षांना म्हटलं, "काका, हा तपासणीचा नमुना आहे, नवरदेव नव्हे." ते हसले. हसायला काय जातं, करवतीबद्दल कुणाला शंका नव्हतीच. सुरंगवेळच्या खाडीकाठच्या देवळात ती माझ्या जन्माआधीपासून टांगलेली. माझ्या आजोबांच्या, म्हणजे आईच्या वडिलांच्या, जाळ्यात १९९१ साली करवत मासा आला आणि त्यांनी त्याची करवत देवीला वाहिली, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. मी फक्त तारीख काढायची आणि 'मुदतबाह्य' असा शिक्का मारायचा. गाव माझं, आजोबा माझे, शिक्काही माझाच. दुपारच्या डब्याआधी होणारं काम.

करवत मासा ज्यांनी पाहिला नाही (आणि आता कुणी पाहिलाय म्हणा) त्यांच्यासाठी सांगते. हा मुशी-पाकटांच्या, म्हणजे शार्क आणि रे माशांच्या, भावकीतला मासा. तोंडापुढे हात-दीड हात लांब चपटी पट्टी, तिच्या दोन्ही कडांना दात. पट्टी चिखलात फिरवून तो खाणं शोधतो आणि तिनेच तडाखा देऊन मारतो. हे दात जन्मापासून मुळाकडून वाढत राहतात, आणि वाढताना त्या त्या दिवशीच्या पाण्याची खूण आत ठेवतात. भरतीला खारं पाणी, ओहोटीला नदीचं गोडसर, पावसात मचूळ, उन्हाळ्यात कोमट, सगळं थरावर थर. आमचं यंत्र लेझरच्या सुईने एकेक थर जाळून त्यातले क्षार मोजतं. किनाऱ्यालगत तरंगणाऱ्या मोजमापाच्या बोयांकडे समुद्राची रोजची नोंद असतेच. दाताची ओळ त्या नोंदीवर पुढेमागे सरकवायची. जुळली की तारीख हातात, चुकलीच तर एखाद-दुसऱ्या दिवसाने. यंत्राला लांबलचक सरकारी नाव आहे, पण आम्ही सगळे त्याला पंचांग म्हणतो.

पंचांग आलं आणि राज्यभर नुसता गोंधळ उडाला. कुणाच्या दिवाणखान्यात सांबराची शिंगं, कुणाच्या देवघरात बिबट्याचं नख, आणि प्रत्येकाच्या थरांत पावसापाण्याची तारीख लिहिलेली! अर्धी गावं कोर्टात उभी राहायची पाळी आली, तेव्हा सरकारने मुदतीचा कायदा केला. गुन्हा पुरा झाला त्या दिवसापासून सात वर्षं. सात वर्षांत फिर्याद दाखल झाली नाही तर विषय संपला, वस्तू जमा करा आणि घरी जा. सात वर्षांच्या आतलं निघालं तर मात्र गय नाही. करवत माशासारख्या जिवासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि मच्छीमार असेल तर परवाना कायमचा रद्द. त्याने पुन्हा होडीत पाय ठेवायचा नाही.

तर मी दात लावला आणि डबा उघडला. दोन घास खाल्ले असतील, पंचांगाने तारीख दिली. २६ मार्च २०४१.

मी दुसरा दात लावला, मग तिसरा. मग यंत्राला शिव्या घातल्या. चौथ्या दाताने तेच सांगितलं, वर आणखी एक गोष्ट सांगितली. मासा पाच वर्षांचा होता आणि जन्मला होता तो आमच्याच खाडीच्या पाण्यात. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी संपला असं ज्याच्याबद्दल सगळे लिहितात, तो मासा बारा वर्षांपूर्वी आमच्या खाडीत पिल्लं घालत होता आणि सात वर्षांपूर्वीपर्यंत तिथे जिवंत होता.

दुसरं कुणी असतं तर नाचलं असतं. मी डबा तसाच झाकून ठेवला. देवळात करवत टांगायचा मान आमच्या आजोळच्या घराकडे, आणि त्या घरात २०४१ साली समुद्रावर जाणारा माणूस एकच होता. माझा लवूमामा.

त्या दिवशी तारीख होती ३ मार्च २०४८. मुदत संपायला तेवीस दिवस.

*

आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. बापाने दुसरा संसार मांडला. मामा-मामीला मूल नव्हतं, त्यांनी मला नेलं, विषय संपला. मामाने मला पाढे शिकवले, ते मासे मोजायला लावून. माझ्या पहिल्या नोकरीच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसच्या दारापर्यंत आला होता आणि शिपायाला सांगून गेला, "चेडू उपाशी रवता, लक्ष ठेवा." चेडू म्हणजे पोर, आणि मी सत्तावीस वर्षांची होते हो तेव्हा. लाजेने मेले.

रविवारी मी घरी गेले. मामा अंगणात जाळं दुरुस्त करत बसला होता, मामी कोकमाची सोलं वाळत घालत होती. मी सरळ विचारलं, "मामा, देवळातली करवत कुणाची?"

"बापाची. एक्याण्णवची."

"मामा."

"काय गो? बापाचीच म्हणतंय ना!"

"पंचांगात घातली मी ती."

त्याची सुई थांबली. त्याने मामीकडे पाहिलं. मामी सोलं पसरता पसरताच म्हणाली, "सांग आता. माका सात वर्सां तोंड दाबून ठेवलंस, तिका ठेवशील?"

मग त्याने सांगितलं. आजोबांची करवत किडीने खाल्ली होती. मामा एकदा देवळात साफसफाईला गेला तर हातात भुगा आला. देवीची वस्तू आपल्या घराण्याच्या हातून गेली हे कुणाला सांगायचं कसं, म्हणून त्याने लाकडाची नकली करून टांगली आणि मनात कुढत राहिला. आणि त्याच मार्चमध्ये, खाडीच्या मुखाशी, त्याच्या जाळ्यात खरीखुरी करवत अडकली.

"देवीनाच धाडल्यान, असा वाटला माका," मामा म्हणाला. "बापानं सांगितलेली रीत अशी, की करवत देवीक द्यायची, पण मासो जितो सोडायचो. त्येका मारायचो नाय. मिया कोयत्यान पट्टी काढलंय नि मासो पाण्यात सोडलंय. गेलो बघ, शेपटी मारीत गेलो." तो जरा थांबला. "कुर्लेचो डेंगो मोडलो तर परत येता. तशी ती पण परत येता, असा बाप म्हणायचो. येता ना गो?"

काय सांगू तुम्हाला. सत्तरीचा माणूस, आणि शाळेचा निकाल विचारावा तसा माझ्याकडे बघत होता. खेकड्याची नांगी परत येते, करवत येत नाही. दात मुळासकट गेला तर परत येत नाही, आणि पट्टी गेली तर सगळंच गेलं. तो मासा चिखलात आंधळ्यासारखा फिरतो आणि उपाशी मरतो. मला हे झोपेतसुद्धा पाठ आहे.

"येते," मी म्हटलं. "हळूहळू येते."

त्याचा चेहरा असा खुलला की मला माझंच खोटं आवडलं. म्हणाला, "म्हणतंय ना मी! दर वर्साक त्या दिवशी मी थय जातंय. बघतंय, खय दिसता काय. तो नाय दिसलो, पण पिल्लां बघलंय. हातभर लांब. गेल्या वर्साक तीन होती."

"पिल्लं?"

"मुखाजवळ, चिपीच्या झाडांच्या मुळांत. कोणाक सांगू? सांगितलंय तर विचारतले, तुका कसा म्हायत."

मी त्याला बजावलं, की महिना संपेपर्यंत यातलं अवाक्षर कुठे काढायचं नाही. अवयव कापणं हीसुद्धा कायद्याने शिकारच, मासा जिता सोडला तरी. त्याने मान हलवली. मामीने तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं केलं, मी तीन वेळा भात घेतला आणि सोमवारी येऊन पंचांग दुरुस्तीसाठी बंद असल्याचा अर्ज भरला.

एक गोष्ट मात्र मी मामाला सांगितली नाही. तेरा मार्चला जनसुनावणी होती. खाडीच्या मुखाशी बंदर होणार होतं, त्यासाठी तळ खणून काढायचा होता. खाडीत दुर्मीळ मासा नाही, एवढं कागदावर आलं की काम सुरू. तो मासा आहे याचा जगातला एकमेव पुरावा माझ्या कपाटात कुलपात होता, आणि मी तो मुदत संपेपर्यंत बाहेर काढणार नव्हते. खाडी की मामा, असा हिशेब मी केला आणि मामा निवडला. मला त्याची लाज वाटली, तरी पुन्हा निवडला.

*

सुनावणी शाळेच्या मैदानात मांडव घालून होती. अख्खा गाव लोटला होता. मी प्रयोगशाळेची प्रतिनिधी म्हणून पहिल्या रांगेत, शेजारी वनक्षेत्रपाल पाटणकरबाई. बाई घाटावरच्या, पण तीन वर्षांत खाडी पायी तुडवलेल्या. मामा-मामी मागे कुठेतरी बसले होते. मामा येणार नाही असं मी धरून चालले होते, म्हणजे मूर्खच मी.

बंदरवाल्यांचा सल्लागार बोलायला उभा राहिला. सभ्य माणूस होता, उगाच वाईट बोलणार नाही. त्याने पडद्यावर देवळाचा फोटो दाखवला. "या खाडीत करवत मासा असल्याचा शेवटचा पुरावा ही १९९१ची करवत. त्यानंतर काहीही नाही. तो मासा इथून संपला आहे, आणि जे नाही ते खणल्याने जाणार कसं?"

देवस्थानचे अध्यक्ष खाली बघत होते. आणि मागून आवाज आला, "ती एक्याण्णवची नाय."

मी वळले. मामा उभा होता. माझ्याकडे बघून त्याने हात केला, काळजी करू नको अशा अर्थाचा.

"ती मिया काढलंय. सात वर्सांपूर्वी. मासो हय असा. पिल्लां पण असत, मी बघलंय."

मांडवात कुजबुज झाली. पाटणकरबाई उठल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "आजोबा, खाली बसा. काय बोलताय ते घरी जाऊन विचार करून बोला."

"विचार करून इलंय, बाय. मी काय मासो मारूक नाय. करवत परत येता." आणि अभिमानाने, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्या माझ्या भाचीनं सांगल्यान. ती शास्त्रज्ञ असा."

सल्लागाराने माझ्याकडे पाहिलं. त्याला विषय माहीत होता, ते त्याच्या डोळ्यांतच दिसलं. "मॅडम, हे खरं आहे? तोडलेली करवत परत येते?"

मला 'हो' म्हणता आलं असतं. पण मग तो उद्या दहा पुस्तकं आणून ठेवणार, माझा शब्द खोटा पडणार, आणि माझा शब्द खोटा म्हणजे पंचांगाची तारीखही खोटी, पिल्लंही खोटी. खाडी जाणार. मामाने जे बोलायला एवढं धाडस केलं तेच वाया जाणार.

"नाही," मी म्हटलं. "येत नाही."

"मग तो मासा?"

"उपाशी मरतो. दोन-तीन महिन्यांत. मार्चमध्ये कापली असेल तर जूनपर्यंत."

मी हे सल्लागाराकडे बघून बोलले, कारण मागे बघायची माझी छाती नव्हती. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मामा खाली बसला होता. मी कपाटातला अहवाल आणवला, तारीख वाचून दाखवली, चारही दातांची. सुनावणी तहकूब झाली. दुसऱ्याच दिवशी मामाने वनखात्याच्या माणसांना होडीतून मुखाशी नेलं आणि चिपीच्या मुळांत बोट दाखवलं. अकरा पिल्लं निघाली. खणण्याच्या कामाला स्थगिती आली, वर्तमानपत्रात फोटो आले. सगळीकडे आनंदीआनंद.

मामा माझ्याशी बोलायचा बंद झाला. फोन केला की मामी उचलायची. "जाळा इनता," म्हणायची. रविवारी गेले तर तो मागच्या दाराने किनाऱ्यावर जायचा. रागावला असता, दोन शिव्या दिल्या असत्या, तर मला चाललं असतं. तो जेवत नव्हता नीट, असं मामी म्हणाली. दहाच्या जागी दोन भाकऱ्यांवर आलाय म्हणाली. दहा हे मामीचं मोजमाप, पण मला रडू आलं.

*

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तालुक्याच्या कोर्टात तारीख लागली. आरोपीच्या जागी मामा, अंगावर तोच इस्त्रीचा शर्ट. मी साक्षीदार. मामी मागच्या बाकावर पाण्याची बाटली घेऊन.

न्यायाधीश तरुण होते. त्यांनी कागद चाळले, पुन्हा चाळले आणि पाटणकरबाईंना विचारलं, "आरोपीने तेरा मार्चला सगळ्यांसमोर कबूल केलं. मग फिर्याद तीस मार्चला का?"

"साहेब, फाइल फिरत होती," बाई शांतपणे म्हणाल्या. "एक सही राहिली होती."

"तुमच्या स्वतःच्या सहीसाठी सतरा दिवस?"

"हो साहेब. माझीच चूक."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. तीन वर्षांत ज्या बाईची एक फाइल एक दिवस उशिरा गेली नव्हती तिची ही फाइल सतरा दिवस सहीसाठी थांबली होती. मला उठून तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. न्यायाधीशांनाही कळलं असणार. त्यांनी जरा वेळ पेन फिरवलं आणि म्हणाले, "गुन्ह्याची तारीख २६ मार्च २०४१. मुदत २६ मार्च २०४८ला संपली. या कोर्टाला खटला चालवता येत नाही. कुबल आजोबा, तुम्ही घरी जा. होडी चालवा, पण जपून."

मामीने मागे देवीचं नाव घेतलं. परवाना वाचला, समुद्र वाचला, माझा म्हातारा वाचला.

मामा जागचा हलला नाही.

"साहेब, एक विचारू?"

"विचारा."

"मुदत कधीपासून धरतंत तुमी?"

"गुन्हा पुरा झाला त्या दिवसापासून. करवत तुम्ही सव्वीस मार्चला कापली."

"कापलंय सव्वीसाक. पण मासो त्या दिवशी मरूक नाय." मामाचा आवाज साधा होता, बाजारात भाव विचारावा इतका साधा. "तो उपाशी फिरलो. मी आपलो खुशीत घरी इलंय, नि तो तीन महिने उपाशी फिरलो. मेलो तेव्हा गुन्हो पुरो झालो ना साहेब? आधी कसो पुरो होयत?"

पाटणकरबाई पुटपुटल्या, "आजोबा, कशाला..." न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय म्हणताय? असं धरलं तर मुदत अजून शिल्लक आहे. परवाना जाईल तुमचा. समुद्रावर जाता येणार नाही पुन्हा कधी."

"होय साहेब."

"आणि तरीही?"

मामा बोलका माणूस कधीच नव्हता. त्याने हाताचे पंजे पुढे केले, उलटे केले, पुन्हा मागे घेतले. "मी त्येका सात वर्सां शोधूक जायचंय," एवढंच म्हणाला. "तो नव्हतोच."

न्यायाधीशांनी चष्मा पुसला. मग माझ्याकडे वळले. "मासा कधी मेला असेल, हे दातावरून सांगता येत नाही. बरोबर?"

"बरोबर. दात कापला तिथेच नोंद थांबते."

"म्हणजे तारखेला यंत्राचा पुरावा नाही. फक्त तुमचं मत. सुनावणीत तुम्ही जून म्हणाला होता. विचार करून सांगा, शास्त्रज्ञ म्हणून काय लिहू? मार्च की जून?"

एक दार उघडं होतं. 'निश्चित सांगता येत नाही' एवढं म्हटलं असतं तर कुणाला दोष देता आला नसता, आणि मामा दुसऱ्या दिवशी होडीवर गेला असता. महिन्याभराने पहिल्यांदाच तो माझ्याकडे बघत होता. अंगणात बसून पाढे विचारायचा तेव्हा असाच बघायचा, उत्तर त्याला माहीत असायचं आणि तरी तो थांबायचा.

"जून," मी म्हटलं. "जूनच्या आत नाही. तो मासा तरुण होता, अंगात चरबी होती. जून लिहा."

न्यायाधीशांनी लिहून घेतलं. पुढची तारीख दिली. कारकुनाने मामाचा परवाना मागितला, मामाने शर्टाच्या वरच्या खिशातून काढून दिला, प्लॅस्टिकच्या पिशवीतला, जपून ठेवलेला. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उतरले. त्याच्या समोरून जाताना मान वर करायची हिंमत नव्हती माझ्यात, म्हणून मी त्याच्या चपलांकडे बघत चालले होते.

"हर्षू," मामा म्हणाला. "सकाळपासून काय खाल्लंस काय गो?"